घोडीस एक वर्ष विश्रांती देणेबाबत

मी वरच्या खोलीत राहायला गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी दाराच्या फटीतून एक कागद आत सरकला. वर तारीख, डाव्या हाताला 'प्रति, भाडेकरू, पहिला मजला', आणि मधोमध अधोरेखित केलेलं, 'विषय : मोरीतील नळ घट्ट बंद करणेबाबत.' खाली सही, सहीखाली गोल शिक्का. कागद लिहिणारे गृहस्थ जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. मी त्यांना दिसत होते, ते मला दिसत होते. "मॅडम, नळ गळतो" एवढं तोंडानं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. मी वरूनच म्हटलं, "बाबूजी, केला बंद."

"तसं लिहून द्या, मॅडम," ते म्हणाले. "तोंडी काय, आज हाये, उद्या नाई."

मी वहीचं पान फाडलं आणि 'नळ बंद केला आहे' असं लिहून दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, कोपऱ्यात लाल शाईनं 'पाहिले' असं लिहून खाली बारीक सही केली आणि पान फायलीला लावायला आत गेले. मी वर येऊन हसत बसले. पुढची दोन वर्षं मी त्या माणसाला हसतच होते.

पुसदहून फुलसावंगीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या गावात माझी पहिली नेमणूक झाली होती, सरकारी जनावरांच्या दवाखान्यात. मी साताऱ्याकडची, एकटी, बाईमाणूस. गावात खोली द्यायला कुणी तयार होईना. बाबूजींनी दिली, कारण माझ्याकडे नेमणुकीचं पत्र होतं, सहीशिक्क्याचं. माझ्याकडे त्यांनी धड पाहिलंही नाही, पत्र मात्र उजेडात धरून पाहिलं. तहसील कचेरीत तीस-बत्तीस वर्षं कारकुनी करून ते निवृत्त झालेले. सगळं गाव त्यांना बाबूजी म्हणे, आणि 'बाबूजी' म्हणताना जरा हसे. उंची जेमतेम पाच फूट, इस्त्रीचा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं. निळं लिहायला, लाल शेरा मारायला. शाईचा पॅड आणि शिक्का प्लास्टिकच्या पिशवीत घालून पायजम्याच्या खिशात.

त्यांच्या गोष्टी गावात पुष्कळ. शेजारच्या घरी तेरवी होती, माणूस दारात येऊन "बाबूजी, जेवाले या" सांगून गेला, हे गेले नाहीत. शेजारी रागावला तेव्हा म्हणाले, "पत्रिका कुठी हाये?" मुलाचं लग्न ठरलं तेव्हा मारेगावच्या व्याह्यांकडून 'मुलगा पसंत असल्याबाबत' लेखी घेतलं. व्याही बिचारे शिक्षक, त्यांनी हसत हसत लिहून दिलं. सून घरात आल्यावर भाजीत मीठ जास्त पडलं तर हे ताटावर बसून बोलत नसत, जेवून उठल्यावर फळीवर चिठ्ठी ठेवत. ती चिठ्ठी सुनेनं वाचून सही करून परत ठेवायची. गावातले लोक हे सांगताना हसून लोटपोट व्हायचे. सही करणारी काय म्हणत असेल, असं कुणी विचारलं नाही. मीही नाही.

अशा माणसांवर लोक प्रेम करतात. मीसुद्धा केलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मी कुठे उभी होते ते कळेल.

आणि घोडी. बाबूजींची घोडी पाहायला तर महागावहून माणसं यायची. लहानपणी त्यांनी कुण्या साहेबाला घोड्यावरून पिकांच्या पाहणीला आलेलं पाहिलं होतं, तेव्हापासून मनात होतं की आपल्या दारात घोडं असावं. निवृत्त झाल्यावर नांदेडकडच्या एका बाजारातून ते घोडी घेऊन आले, ती त्यांच्या कमरेएवढी. शिंगरू नव्हे, चांगली चार वर्षांची, पण जातच बुटकी. तांबडा रंग, कपाळावर पांढरा ठिपका, डोळ्यांवर झिपऱ्या. नाव ठेवलं सुपारी. बसायचं तर प्रश्नच नव्हता. ते तिला घेऊन चालायचे. सकाळी नाल्यापर्यंत, संध्याकाळी शाळेपर्यंत. उन्हाळ्यात एका हातात दोर, दुसऱ्या हातात छत्री, आणि छत्री घोडीवर धरलेली. स्वतःच्या टकलावर ऊन.

"बाबूजी, घोडीवर छत्री?" मी एकदा विचारलं.

"ते घोडी कोणाले सांगन बाप्पा, ऊन लागून राह्यलं म्हणून? तिले लिहिता येते काय?"

मला ते वाक्य फार आवडलं होतं. फोनवर मी ते आईला, मैत्रिणींना, सगळ्यांना सांगितलं. ज्याला सांगता येत नाही त्याचं दुःख आपण होऊन ओळखणारा माणूस, असं काहीतरी मी तेव्हा म्हणत असे.

सुपारी गाभण राहिली ती उमरखेडच्या एका घोडेवाल्याकडच्या बुटक्या घोड्यापासून. अकरा महिने बाबूजींनी तिची जी बडदास्त ठेवली ती मी पाहिली आहे. भिजवलेले हरभरे, गूळ, जोंधळ्याची भाकरी, आणि पाणी विहिरीचंच. नळाचं चालायचं नाही. हे पाणी सून भरायची. सुनेचं नाव प्रणिता. तीही त्याच वेळी दिवसांत होती, दुसऱ्यांदा. मोठी मुलगी चार वर्षांची. फेब्रुवारीत पुसदच्या एका खाजगी दवाखान्यात पोट फाडून तिला दुसरी मुलगी झाली. पहिलीही तशीच झाली होती. बाबूजी दवाखान्यात गेले, बाळ पाहिलं, आणि त्याच दुपारच्या बसनं परत आले, कारण सुपारीच्या पायाला सूज होती.

एप्रिलमध्ये एका पहाटे प्रणिताच माझं दार ठोठावायला आली. "मॅडम, लवकर चाला, घोडीचं काही खरं नाई." खाली जाऊन पाहते तर सुपारी आडवी पडलेली, घामानं भिजलेली, पिलाचं एक खूर बाहेर आणि दुसरं कुठेच नाही. इतक्या लहान जातीच्या घोड्यांचं हेच असतं. आई बारीक, पिलाचं डोकं मोठं, वाट अरुंद. कॉलेजात हे एका तासात शिकवून संपवतात. मी त्याआधी गाई-म्हशी पुष्कळ सोडवल्या होत्या, घोडी एकही नाही. माझे हात लहान आहेत, तेवढंच सुपारीचं नशीब. पाऊण तास मी त्या शेणामातीत पालथी पडून पिलू मागे ढकलत होते आणि दुमडलेला पाय चाचपत होते. बाबूजी घोडीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि रडत होते. सगळ्यांदेखत, हुंदके देऊन. दोन महिन्यांच्या ओल्या बाळंतिणीनं मला तीन बादल्या गरम पाणी आणून दिलं, कंदिलासारखा मोबाईल वर धरला आणि मी सांगेन तसा दोर ओढला. पिलू जिवंत निघालं. घोडी आतून फाटली होती. मी टाके घातले, औषधं दिली, आणि बाहेर येऊन बांधावर बसले.

बाबूजींनी येऊन माझे पाय धरले. साठी उलटलेल्या माणसानं. मी "अहो, अहो" करत मागे सरकले, पण खोटं कशाला बोलू, मला आत कुठेतरी फार बरं वाटलं.

नवव्या दिवशी घोडेवाला आला. ती त्या लोकांची पद्धत. घोडी व्यायल्यावर आठ-दहा दिवसांतच पुन्हा माजावर येते, आणि त्या धंद्यातला माणूस हा नववा दिवस सहसा चुकवत नाही. त्यानं टेम्पोतून घोडा आणला होता, त्याला पाणीही पाजून झालं होतं.

"आज लावून घ्या बाबूजी," तो म्हणाला. "आजचा दिस गेला तं गेला. पह्यलं पिल्लू इतकं चांगलं निंघालं, दुसरं घोडी निंघंल पाहा. लोक मांगून राह्यले मले."

बाबूजी दोन दिवस आधीपासूनच घोळात होते. गव्हाणीच्या कट्ट्यावर बसून त्यांनी एका कागदाचे उभे दोन भाग केले होते, 'लावणे' आणि 'न लावणे'. 'लावणे'च्या खाली चार मुद्दे, 'न लावणे'च्या खाली एकच, 'तिला त्रास झाला.' त्या एका मुद्द्यावर ते अडून बसले होते. हे मी थट्टेनं सांगत नाही. त्या माणसाची खरंच झोप उडाली होती.

मी दवाखान्यातून आले तेव्हा घोडेवाला, बाबूजी, त्यांचा मुलगा, दोन शेजारी, सगळे अंगणात. मी म्हटलं, "अजिबात नाही. ती आतून बरी झालेली नाही. आता घोडा दाखवलात तर पिलूही जाईल आणि घोडीही जाईल. निदान एक वर्ष तिला हात लावू नका."

"मॅडम, आमी पिढ्यानपिढ्या हेच करून राह्यलो," घोडेवाला म्हणाला.

बाबूजींनी हात वर करून त्याला थांबवलं. "मॅडम, लेखी द्या."

मी वर जाऊन दवाखान्याचा छापील कागद आणला. तिथेच खाटेवर बसून लिहिला. दाखला देण्यात येतो की, वगैरे. सदर घोडीची प्रसूती अवघड झालेली असून गर्भाशयास इजा आहे. सबब सदर घोडीस किमान एक वर्ष विश्रांती द्यावी, या काळात नराकडे नेऊ नये, नेल्यास जिवास धोका संभवतो. सही केली, हुद्दा लिहिला, शिक्का मारला. बाबूजींनी तो कागद हातात घेतला आणि म्हणाले, "सगळ्यायले वाचून दाखवा." मी उभी राहून मोठ्यानं वाचला. प्रणिता चहाचे कप घेऊन दारात उभी होती, तीही ऐकत होती. वाचून झाल्यावर बाबूजींनी घोडेवाल्याकडे पाहिलं. "झालं? सरकारी शिक्का हाये. आता देवानं येऊन सांगतलं तरी नाई."

घोडेवाला चहा न पिताच घोडा टेम्पोत चढवून निघून गेला. दुसऱ्या दिवशी दाखल्याला काचेची चौकट झाली आणि तो गोठ्याच्या खांबावर टांगला गेला. गावातल्या एका पोरानं त्याचा व्हिडिओ केला, वर गाणं लावलं, खाली लिहिलं, 'मुक्या जिवाची माया'. तो कुठे कुठे फिरला. पुसदच्या बाजारात एका अनोळखी बाईनं मला विचारलं, "त्या बाबूजीच्या घोडीच्या डाक्टरीन तुमीच काय?" मी हो म्हटलं. ऐटीत म्हटलं.

दाखला दिला त्याच संध्याकाळी बाबूजींनी मला खूश होऊन आतल्या खोलीत बोलावलं. "तुमाले एक कागद दाखवतो, मॅडम. हा कोणाले दाखवत नाई." भिंतीवर एक मोठा जाड कागद लावला होता. त्यांच्या घराण्याची वंशावळ. जमिनीच्या कामाला तहसिलीत वंशावळ लागते, तशी, पट्टीनं आखलेली. सर्वांत वर पणजोबा, खाली आजोबा आणि त्यांचे भाऊ, मग वडील, मग ते स्वतः, मग एकुलता एक मुलगा. प्रत्येकाभोवती निळ्या शाईचा चौकोन. मुलाच्या खाली एक रेघ उतरत होती आणि तिच्या टोकाला एक चौकोन होता, रिकामा. रेघेच्या बाजूला पेन्सिलीनं, बिनचौकोनाची, दोन बारीक अक्षरातली नावं.

"हे काय?" मी विचारलं.

"त्या पोट्ट्या. कच्च्या ठेवल्या. त्यायचं नाव उद्या दुसऱ्याच्या कागदावर चढन." मग त्यांनी रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. "हा एक भरला का मी मोकळा."

मला तेव्हा चीड आली होती का? आली असेल. पण मी त्यांच्या खुर्चीत बसले होते, त्यांचा चहा पीत होते, आणि दुपारी त्यांनी सगळ्या गावासमोर माझ्या शिक्क्याला देवाच्या वर बसवलं होतं. मी म्हटलं, "अक्षर छान आहे तुमचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी आले तर प्रणिता जिन्यात उभी. कडेवर धाकटी. घरात कुणी नव्हतं. नवरा आपल्या कृषी केंद्राच्या दुकानात, बाबूजी घोडीला घेऊन नाल्यावर.

"मॅडम, एक काम होतं."

"बोल ना."

"मलेही तसा एक कागद लिहून द्या."

"कसा?"

"घोडीले देल्ला तसा. एक वर्षाचा."

मी हसले. अगदी मोकळेपणानं हसले, कारण मला तो विनोद वाटला. ती हसली नाही. बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि उभी राहिली.

"अगं, मी जनावरांची डॉक्टर," मी म्हटलं. "माणसाचं मी कसं लिहून देणार? नोकरी जाईल माझी."

"मामाजी तुमचा शिक्का मानतेत." सासऱ्यांना ती मामाजी म्हणे. "दुसऱ्या कोणाचं नाई मानत."

"तुझ्या डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"तीन वर्षं नाई म्हणे. दोन्ही बारीनं पोट फाडलं न."

"मग झालं तर. डॉक्टरांनीच सांगितलंय म्हटल्यावर प्रश्न काय? घरात सांग ना तसं."

"सांगतलं."

"आणि नवरा काय म्हणतो?"

"ते म्हंतेत, बाबूजीले विचार."

मला भूक लागली होती. अडीचला परत दवाखान्यात जायचं होतं, एका म्हशीचं पोट फुगलं होतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही, जे होतं ते सांगते आहे. मी म्हटलं, "बघू. मी बोलेन त्यांच्याशी एखाद्या वेळी." ती "हाव" म्हणाली आणि खाली गेली. ती एखादी वेळ आली नाही. म्हणजे रोज येत होती. रोज संध्याकाळी मी आणि बाबूजी अंगणात बसून सुपारीच्या खुराकाबद्दल बोलत होतो. मनात यायचं, आता विषय काढावा. मग वाटायचं, परक्याच्या घरातली गोष्ट, त्यात मी भाडेकरू, त्यात मी बिनलग्नाची. खरं म्हणजे मला त्यांच्या नजरेतली माझी किंमत कमी करून घ्यायची नव्हती. त्या गावात मला मान देणारा तो एकच माणूस होता.

दसऱ्याच्या सुमाराला प्रणिताचं पोट दिसायला लागलं. मी काही विचारलं नाही. तिनंही काही सांगितलं नाही. जिन्यात समोरासमोर आलो तर ती भिंतीकडे सरकून मला वाट द्यायची.

त्या दिवसांतली एक सकाळ माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. शाळेतले गुरुजी आले होते. मिरवणुकीसाठी त्यांना घोडी हवी होती, छोट्याशा गाडीला जुंपून त्यात दोन मुलं बसवायची होती. बाबूजी भडकले. "वझं ओढाले लावता काय तिले? तिची कूस फाटेल हाये! खांबावर काय लिहेल हाये, वाचा!" गुरुजींनी चष्मा लावून माझा दाखला वाचला, माफी मागितली आणि निघाले. बाबूजींचा आवाज चढलेला असताना मागून प्रणिता दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन विहिरीकडून येत होती. पाचवा महिना. त्यांनी सरकून तिला वाट दिली आणि म्हणाले, "हळू, पाणी सांडते." मी वर खिडकीत दात घासत होते. मला दिसलं, समजलं, आणि मी चूळ भरून आत गेले. कुणी मला भित्री म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले होते. आठवा महिना. भर दुपारी प्रणिता गोठ्यापाशी खाली बसली ती उठेचना. नवऱ्यानं शेजाऱ्याच्या गाडीत घातलं, बाबूजी पुढे बसले, आणि पुसदला नेलं. पुसदहून त्यांनी तसंच यवतमाळला पाठवलं. चारच्या सुमाराला मला दवाखान्यात बाबूजींचा फोन आला. त्यांचा आवाज मी ओळखलाच नाही.

"मॅडम, इथं जुने कागद मांगून राह्यले. सूनबाईच्या आपरेशनचे. कपाटात तिसऱ्या कप्प्यात हायेत, वर 'दवाखाना' लिहेल फाईल. तेवढी आणता काय?"

किल्ली शेजाऱ्यांकडे होती. कपाट उघडलं. अशी शिस्त मी कुठल्याही कचेरीत पाहिली नाही. घर, शेत, नळ, भाडेकरू, घोडी. घोडीची फाईल सगळ्यांत जाड. त्याखाली 'दवाखाना'. मी उभ्या उभ्या उघडली. फेब्रुवारीचं कार्ड वरच होतं, दवाखान्यातून घरी सोडताना देतात ते. वरचं सगळं इंग्रजीत. खाली डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम मराठीत लिहिलं होतं, मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून. 'पुढील तीन वर्षे गर्भधारणा नको. टाके उसवून जिवास धोका आहे.' सही, शिक्का.

आणि कोपऱ्यात लाल शाईत, त्या सुंदर अक्षरात, 'पाहिले.' खाली बारीक सही आणि तारीख. प्रणिता घरी आली त्याच दिवसाची.

म्हणजे सुपारी व्यायच्या दोन महिने आधी. यवतमाळला जाणाऱ्या बसमध्ये मी ती फाईल मांडीवर धरून बसले होते, आणि माझ्या मनात दुसरं काही येतच नव्हतं. लेखी होतं. त्या घरात ते पहिल्या दिवसापासून लेखी होतं.

पोचले तेव्हा शस्त्रक्रिया सुरू होती. बाबूजी ओट्यावर बसले होते. एवढासा माणूस, आणखी लहान झालेला. मला पाहून उठले. पहिलं वाक्य बोलले ते हे, "सुपारीनं चारा खाल्ला काय?"

मी फाईल उघडून कार्ड त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. "हे काय आहे, बाबूजी?"

त्यांनी चष्मा पुसला, वाचलं.

"तुमची सही आहे यावर. 'पाहिले' लिहिलंय तुम्ही."

"हाव, पाह्यलंच होतं न," ते म्हणाले. "पाह्यलं म्हणजे पाह्यलं. मंजूर थोडीच केलं?"

मी आयुष्यात कुणाला मारलेलं नाही. त्या क्षणी माझा हात उठला असता. समोर त्यांचे डोळे भरून आलेले होते, हे आणखी वाईट. तो माणूस माझी फिरकी घेत नव्हता. तीस वर्षं असे हजारो कागद त्याच्या टेबलावरून गेले होते, कुणाचं घर, कुणाचं शेत, कुणाचा अर्ज, आणि तो प्रत्येकावर 'पाहिले' लिहून फायलीला लावत आला होता. पाहिल्यानंतर काही करायचं असतं हे त्याला कुणी लेखी कळवलं नव्हतं.

बाळ गेलं होतं. प्रणिता वाचली. पिशवी काढावी लागली. शस्त्रक्रिया करणाऱ्या बाईंनी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा नवरा भिंतीला टेकून खाली बसला. बाबूजींनी विचारलं, "काय होतं?" बाईंना वाटलं आजार विचारताहेत, त्या सांगायला लागल्या. बाबूजी म्हणाले, "तसं नाई. पोट्टा होता का पोट्टी?" बाईंनी उत्तर दिलं नाही, दार लोटून आत गेल्या. त्यांचा मला आजही आदर वाटतो.

बाबूजींचं कौतुक गाव आजही करतं. माझ्या बदलीनंतर आलेल्या डॉक्टरांनी मागच्या महिन्यात फोन केला होता, म्हणाले, "अहो, काय अवलिया माणूस आहे तुमचा घरमालक! घोडीवर छत्री धरतो." मी म्हटलं, "हो." आणखी काय सांगणार? त्यांना हसायचं होतं.

मी प्रणिताला भेटले ते शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी. दुपारची वेळ, वॉर्डात गर्दी. दोन्ही मुली मारेगावला तिच्या आईकडे होत्या. ती पडून होती, तोंड पिवळं पडलेलं, हाताला सुई. मी स्टुलावर बसले. आणि नको तेच बोलले.

"तुझं जुनं कार्ड पाहिलं मी. स्पष्ट लिहिलं होतं गं त्यावर."

"माहीत हाये," ती म्हणाली. तिकडे बायकाही 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात, तशी ती हळूहळू बोलत होती. "मीच नेऊन देल्लं होतं मामाजीच्या हाती. बसा, वाचा म्हटलं. त्याइनं वाचलं. म्हणे, हा खाजगी दवाखान्याचा कागद हाये, सरकारी शिक्का नाई. मंग तुमी घोडीचा कागद वाचला अंगणात, तवा म्हटलं, आता जमते. म्हणून तं तुमच्याकडं आलतो."

"मला वाटलं, तू... मला लिहिता आलं नसतं, प्रणिता. खरंच नसतं आलं."

"नसतं लिहिलं तं नसतं. माहा कागद होताच न." तिनं डोळे मिटले आणि उघडले. "तुमी तोच हातात घेऊन एकडाव मोठ्यानं वाचला असता, सगळ्यायसमोर, तरी झालं असतं. तुमाले ते नाई नसते म्हणले."

खरंच नसते म्हणाले का, मला माहीत नाही. कदाचित त्यांनी आणखी एखादा शेरा शोधला असता. पण मी ते करून पाहिलं नाही, आणि आता कुणालाच ते कळणार नाही.

मी तिच्या हातावर हात ठेवला. तिनं तो काढला नाही, पण धरलाही नाही. पलीकडच्या खाटेवरच्या बाळंतिणीचं मूल रडत होतं. तिनं मान तिकडे वळवली.

"जाऊ द्या, मॅडम," ती म्हणाली. "आता सारं काढूनच टाकलं. आता कोणाच्याच कागदाचं काम नाई."